बी धरणारे हात

सह्याद्रीच्या कुशीत, अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात महादेव कोळ्यांची जी गावे वसली आहेत, तेथे पौष-माघात परसातल्या मांडवावरचा घेवडा वाळू लागला, म्हणजे घरोघरी पुढील सालाचे बी धरण्याचे काम सुरू होते. अशाच एका घरच्या आजीशेजारी ओसरीवर बसून हे काम मी पाहिले. निरोगी वेल तिने फुलोऱ्यातच हेरला होता आणि त्याच्या भरदार शेंगांना भाजीसाठी कोणी हात लावावयाचा नाही, असा घरात दंडक होता. वेलावरच खडखडीत वाळलेल्या त्या शेंगा सोलून तिने दाणे सुपात घेतले, आणि एकेक दाणा चिमटीत फिरवून जो सुरकुतलेला, भोक पडलेला किंवा आपल्या जातीच्या रंगाशी न जुळणारा दिसला, तो निर्विकारपणे बाजूस सारला. निवडलेले बी उन्हे खाऊन तयार झाले, की गोवरीच्या चाळलेल्या राखेत घोळून, कडुनिंबाच्या पाल्यासह गाडग्यात भरावयाचे आणि गाडग्याचे तोंड शेणमातीने लिंपून टाकावयाचे. राख ओलावा शोषते आणि दाण्यांमधल्या फटी बुजवून भुंगेऱ्यांचा संचार रोखते.

याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी, शाळेचे शिक्षण लाभलेले नसताना, ह्याच परंपरागत विद्येच्या बळावर गावठी वाणांची बियाणे बँक उभारली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्कांच्या २००१ च्या कायद्यानेही बी राखण्याचा, पेरण्याचा व त्याची देवघेव करण्याचा कास्तकाराचा हक्क मान्य केला आहे.

परंतु बी हे दफ्तरातल्या दस्तऐवजासारखे नुसते जपून टिकत नाही. गाडग्यात पडून राहिले तर काही वर्षांत त्याची उगवणशक्ती सरते; शीतगृहात ते अधिक काळ तग धरते खरे, पण बदलत्या पावसाशी जुळवून घेण्याची संधी त्याला शेतातच मिळते. वाण टिकावयाचे तर ते दरसाल कोणीतरी पेरले पाहिजे, आणि पेरणाऱ्याच्या चुलीवर व बाजारात त्याला मान असला पाहिजे. म्हणून पुरस्कारांबद्दल आनंद मानतानाच वाचकांनी गावठी घेवडा आणि काळभातासारखा गावठी तांदूळ आपल्या ताटात आग्रहाने आणावा. कारण ज्या धान्याला खाणारा उरत नाही, त्याचे बी कोणीही धरीत नाही.