एक कोटी चिठ्ठ्या आणि एक अक्षर

पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या आवारात १९४८ सालापासून एक संस्कृत शब्दकोश तयार होत आहे, आणि त्यासाठी वाचल्या गेलेल्या सुमारे दीड हजार ग्रंथांची विभागणी बासष्ट ज्ञानशाखांत केलेली आहे. वेद, व्याकरण, दर्शने, धर्मशास्त्र आणि काव्य या शाखा त्यात असणार हे कोणीही सांगेल. परंतु त्यांच्याच पंगतीला गणित, ज्योतिष, वैद्यक, पशुवैद्यक, शेती, वास्तुविद्या, रसशास्त्र म्हणजे पारा आणि धातूंवरील प्रक्रियांची विद्या, संगीत, युद्धशास्त्र, शिलालेख आणि चक्क बैठे खेळही बसलेले आहेत. ऋग्वेदापासून इ. स. १८५० पर्यंतच्या या वाङ्मयातून उतरवून घेतलेल्या चिठ्ठ्यांची संख्या सुमारे एक कोटी सांगितली जाते. विज्ञाने एकीकडे आणि मानव्यविद्या दुसरीकडे, अशी विद्यापीठांच्या इमारतींनी घालून दिलेली वाटणी ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्यांना ‘बासष्ट’ हा आकडा थबकवतो, आणि ‘एक कोटी’ हा आकडा चिठ्ठ्यांच्या खोलीत प्रत्यक्ष जाऊन पाहण्यास भाग पाडतो.

ज्या संस्थेत हे काम चालते तिचे मूळ पेशव्यांच्या दक्षिणेत आहे. विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, १८२१ साली, विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तीच पुढे डेक्कन कॉलेज झाली, १९३४ साली बंद पडली आणि १९३९ साली पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडली. कोशाची कल्पना सुमित्र मंगेश कत्रे यांची. कोकणी भाषेच्या घडणीवर लिहिणारे हे भाषाशास्त्रज्ञ पाठचिकित्सेतही, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून मूळ पाठ ठरविण्याच्या शास्त्रातही, मुरलेले होते. १९७६ साली पहिला खंड निघाला तेव्हा प्रमुख संपादकपदी प्राकृताचे जाणकार अमृत माधव घाटगे होते. पुण्याला कोशांचे नवल नव्हते. वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० सालीच निघाला होता आणि आजही तो विद्यार्थ्यांच्या टेबलावर असतो. नव्या कोशाचा मार्ग मात्र वेगळा होता. तो ‘ऐतिहासिक तत्त्वावर’ रचायचा होता, म्हणजे शब्दाचा अर्थ नुसता सांगून भागणार नव्हते, तर तो अर्थ प्रथम कोणत्या ग्रंथात आढळतो, पुढे कोणत्या शतकात कसा वळतो आणि कोणत्या शास्त्रात त्याला कोणती पारिभाषिक धार येते, हे कालक्रमाने लावलेल्या अवतरणांनी सिद्ध करायचे होते. म्हणूनच एक कोटी चिठ्ठ्या.

या चिठ्ठ्या जेथे ठेवल्या आहेत त्या दालनाला तेथे ‘स्क्रिप्टोरियम’ म्हणतात. मध्ययुगीन युरोपातील मठांत ग्रंथांच्या नकला करण्याच्या खोलीला हे नाव होते. लोखंडी खणांच्या रांगा, प्रत्येक खणावर अक्षरांची पट्टी, आणि खण ओढताच येणारा जुन्या कागदाचा तो वास, ज्यात थोडी धूळ, थोडी शाई आणि थोडे गंजलेले लोखंड असते. हा वास दालनातून बाहेर पडल्यावरही बराच वेळ बोटांना राहतो. चिठ्ठी तळहाताएवढी, तिच्यावर शब्द, त्याचे व्याकरण, ग्रंथाचे संक्षिप्त नाव व स्थळ, मूळ वाक्य, आणि टीकाकाराने अर्थ दिला असेल तर तोही. चिठ्ठ्या अकारविल्हे लावणे, त्यांचा कालक्रम ठरविणे, अर्थांचे गट पाडणे, कच्ची नोंद लिहिणे, ती वरिष्ठांकडून तपासून घेणे आणि प्रुफे वाचणे, असा पुढचा क्रम आहे.

एका टेबलाशी बसलेली संपादिका या क्रमातील मधल्या पायरीवर, म्हणजे अर्थांचे गट पाडण्यावर, असते. पत्त्यांचा डाव मांडावा तशा चिठ्ठ्या ती टेबलावर मांडते, एखादी उचलून दुसऱ्या ढिगात टाकते आणि थोड्या वेळाने परत पहिल्या ढिगात आणते. चिठ्ठी लिहिणारा वाचक कोण होता हे तिला ठाऊक नाही, पण अक्षर मात्र ती ओळखते. शिरोरेषा उजवीकडे चढती काढणाऱ्या एकाला तिने ‘तिरके गुरुजी’ असे नाव दिले आहे, आणि त्यांच्या चिठ्ठीवरचे स्थळ सहसा चुकत नाही, असे ती एखाद्या शेजाऱ्याबद्दल बोलावे तसे सांगते. ज्या माणसाने कदाचित तिच्या जन्माआधीच लेखणी ठेवली, त्याच्या विश्वासार्हतेचा असा रोजचा हिशेब ठेवणे हा या कामाचा कोणत्याही नियमावलीत न लिहिलेला भाग आहे.

बासष्ट शाखा एका शब्दात कशा एकत्र येतात हे पाहण्यासाठी ‘अक्ष’ हा शब्द पुरेसा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील द्यूतसूक्तात अक्ष म्हणजे जुगाराचा फासा. हे फासे बेहड्याच्या फळांचे असत, म्हणून वनस्पतीच्या नामावळीत अक्ष म्हणजे बेहडा. त्याच ऋग्वेदात अक्ष म्हणजे रथाच्या चाकांना जोडणारा दांडाही आहे, आणि मराठी गाडीवानाचा ‘आस’ त्याच घराण्यातला. यज्ञवेदीची भूमिती सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत हा दांडा मोजमाप बनतो आणि १०४ अंगुळांच्या लांबीला अक्ष म्हणतात. वैद्य औषध तोलताना सोळा माशांच्या वजनाला अक्ष म्हणतो. ज्योतिषात तो विषुववृत्तापासूनचे अंतर दाखवितो, त्यावरूनच शाळेच्या भूगोलात अक्षांश आले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अक्षपटल हे राज्याचे हिशेब आणि दप्तर ठेवणारे कार्यालय आहे. पाणिनीने तर फासा आधीसारखा न पडल्यामुळे झालेली हार सांगणारा ‘अक्षपरि’ हा समास साधण्यासाठी एक सूत्र खर्ची घातले आहे. व्याकरणकाराला जुगाऱ्यांची बोली कानाआड करता आली नाही. नैयायिकांना, म्हणजे ज्ञानाच्या साधनांची चिकित्सा करणाऱ्यांना, अक्ष म्हणजे इंद्रिय, आणि इंद्रियासमोर येते ते ‘प्रत्यक्ष’.

या सर्व चिठ्ठ्या एकाच खणात एकीला एक टेकून उभ्या असतात. वैद्याच्या सोळा माशांची चिठ्ठी काढताना जुगाऱ्याची चिठ्ठी हाताला लागते. आजच्या संशोधनव्यवहारात आंतरविद्याशाखीय हा शब्द परिसंवादांच्या निमंत्रणपत्रिकांवर फार झळकतो. येथे तो कोणी उच्चारत नाही, कारण चिठ्ठी वाचणाऱ्याला जुगार, वजन, भूमिती आणि तर्क यांतले निदान इतके यावेच लागते की अर्थ चुकू नये. शिल्पशास्त्रातील ओळ कळत नसेल तर शिल्पशास्त्र वाचायचे. ते सवडीने करायचे काम नसून त्या दिवसाचे काम असते.

अर्थ ठरविण्याआधी शब्द मुळात तेथे आहे की नाही, हा प्रश्न सुटावा लागतो, आणि या कोशाच्या बाबतीत तो विशेष बिकट आहे. संस्कृतात ‘ओ’नंतर आलेला आरंभीचा ‘अ’ संधीत लोप पावतो आणि त्याच्या जागी अवग्रह, म्हणजे ‘ऽ’ हे चिन्ह, लिहिले जाते. परंतु हस्तलिखितांत शब्द सुटे लिहीत नसत आणि अवग्रह तर पुष्कळदा गाळला जाई. त्यामुळे ‘ततोधर्मः’ असे सलग लिहिलेले असेल तर तेथे धर्म आहे की अधर्म, हे अक्षरांवरून कळत नाही. वैद्यकात ‘ततोजीर्णम्’ याचा उलगडा ‘मग पचलेले’ असाही होतो आणि ‘मग अजीर्ण’ असाही. एका अर्थी रोगी बरा होत आहे, दुसऱ्या अर्थी आजारी पडत आहे. निवाडा होतो तो मागचापुढचा श्लोक, टीका आणि इतर हस्तलिखितांतील पाठ यांवरून, आणि त्याखेरीज शरीराचे सामान्य ज्ञान लागते ते निराळेच. संगणकावर आता पुष्कळ संस्कृत ग्रंथ शोधता येतात आणि कोशाच्या कामातही संगणक आला आहे, पण न लिहिलेला ‘अ’ त्याला अजून खात्रीने सापडत नाही.

भेट देणारा प्रत्येक जण शेवटी एकच प्रश्न विचारतो की हे काम पुरे कधी होणार. पस्तीस खंड निघूनही कोश ‘अ’ या पहिल्याच अक्षरात आहे, ही गोष्ट वृत्तपत्रांत बहुधा नवलाच्या आणि किंचित थट्टेच्या सुरात येते. थट्टा करणाऱ्यांनी संस्कृतचा अकार एकदा मोजून पाहावा. नकारार्थी ‘अ’ आणि ‘अन्’ जवळजवळ कोणत्याही नामाला लागतात. त्याशिवाय अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे उपसर्ग आणि अंतर् हे अव्यय आपापला गोतावळा घेऊन याच अक्षराखाली राहतात. संपादिका या प्रश्नाला उत्तर म्हणून फक्त आकडा सांगते, चिठ्ठ्या एक कोटी आहेत. एका माणसाने एका चिठ्ठीला एक मिनिट दिले, दिवसाचे आठ तास आणि वर्षाचे तीनशे दिवस काम केले, तर त्या नुसत्या एकदा वाचायला एकोणसत्तर वर्षे लागतील. १९४८ ते १९७३ या पंचवीस वर्षांत त्या सुमारे चाळीस विद्वानांनी लिहिल्या, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला रोज तेहतीसच्या आसपास येतात. हा वेग मुळीच आळशी नाही.

या कोशाच्या भाईबंदांची गतही फार निराळी नाही. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी दहा वर्षांचा अंदाज बांधला होता. पाच वर्षांनी ते ‘अँट’ या शब्दापर्यंत, म्हणजे मुंगीपर्यंत, पोचले, आणि १९२८ साली कोश पुरा झाला तेव्हा त्यांना जाऊन तेरा वर्षे झाली होती. म्युनिकला १८९४ साली सुरू झालेल्या लॅटिन कोशाच्या संग्रहातही सुमारे एक कोटीच चिठ्ठ्या आहेत आणि तोही अजून चालू आहे. वर्षाला किती शोधनिबंध या मापाने मोजू गेले तर ही तिन्ही कामे नापास ठरतात, यावरून त्या मापाबद्दल काही कळते.

डेक्कन कॉलेजच्या आवारातच पुरातत्त्व विभाग आहे, आणि तेथील लोकांनी १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावचे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत, म्हणजे तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या लोकांच्या गावात, जळून कोळसा झालेले जवाचे दाणे सापडले. वनस्पतींचा अभ्यासक असा दाणा सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्याची जात ठरवितो. कोशाच्या दालनात ‘अंगुल’ या शब्दाखाली तोच दाणा निराळ्या कामाला येतो. कौटिल्याच्या मते आठ जव मध्यभागी जाड असतात तेथे एकमेकांना चिकटवून मांडले की एक अंगुळ होते, तर बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौतीस तीळ लागतात. कौटिल्याने पर्यायही दिला आहे, तो म्हणजे मध्यम पुरुषाच्या मधल्या बोटाची मधली जाडी. १०४ अंगुळांचा अक्ष नक्की किती लांब, हे यांपैकी कोणते अंगुळ धरायचे यावर ठरते. दाण्याचा आकार ठाऊक असलेला शास्त्रज्ञ मात्र हाकेच्या अंतरावर बसलेला असतो.

कोशाच्या पद्धतीत एक उणीव आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. वाचकाने जे उतरवून घेतले तेवढेच खणात आले, आणि वाचकाची नजर विलक्षण शब्दावर थांबते, नेहमीच्या शब्दावरून घसरते. मरे यांची तक्रार हीच होती. ‘अब्यूजन’ या दुर्मीळ शब्दाच्या सुमारे पन्नास चिठ्ठ्या त्यांच्याकडे आल्या आणि ‘अब्यूज’ या रोजच्या शब्दाच्या पाचही आल्या नाहीत. येरवड्याच्या एक कोटीतही असे खळगे असणारच, आणि ते भरण्यासाठी मूळ ग्रंथ पुन्हा उघडावा लागतो. काही शब्द तर केवळ जुन्या पद्यकोशांत भेटतात, एकाही ग्रंथात वापरलेले आढळत नाहीत; ते कधी कोणाच्या तोंडी होते की छंद भरण्यासाठी जन्मले, याचा पुरावा खणात नसतो.

दुपारी उशिरा संपादिकेच्या हाती वैद्यकातील एक चिठ्ठी येते. शिरोरेषा चढती आहे. शब्द ‘अजीर्ण’, अवतरण पूर्ण, स्थळ स्पष्ट, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेले एक बारीक प्रश्नचिन्ह. तिरक्या गुरुजींनाही तेथे अवग्रह असावा की नसावा याची खात्री नव्हती. ती उठून कपाटातून छापील ग्रंथ आणते, श्लोक शोधते, खालच्या तळटिपेतील पाठभेद बोट ठेवून वाचते, टीका वाचते, आणि मग पुढचे दोन श्लोकही वाचते. अर्धा तास जातो. चिठ्ठी ती ‘अजीर्ण’च्याच गड्ड्यात परत ठेवते, पण अगदी शेवटी, आणि पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह खोडत नाही.