आईच्या अमृतमहोत्सवाला कॅव्हिअर

दिवाळी अंकात फराळाविषयी लिहावे, चकली मऊ का पडते आणि अनारशाला जाळी का येत नाही ते सांगावे, असा रिवाज आहे. तो मोडण्याचे माझ्या मनात नव्हते. पण जानेवारी २०२५ मध्ये आमच्या लातूरच्या घरी एक पदार्थ वाढला गेला, आणि त्याची हकिकत ऐकून नांदेडच्या आमच्या प्राध्यापक-मंडळींनी मला इतके प्रश्न विचारले, की एकदा सगळे लिहून मोकळे व्हावे असे वाटू लागले. पदार्थाचे नाव कॅव्हिअर. म्हणजे स्टर्जन नावाच्या माशाची, मिठात मुरवलेली, न शिजवलेली अंडी.

मराठीच्या प्राध्यापकाचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. माझी त्याच्याशी पहिली ओळख अर्थातच पुस्तकातून झाली. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राजपुत्र नटांशी बोलताना एका जुन्या नाटकाची आठवण काढतो, आणि ते चारचौघांना रुचले नाही हे सांगताना कॅव्हिअरची उपमा देतो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही ही वस्तू सर्वांच्या जिभेला मानवणारी नव्हती. उपमा समजली की पदार्थ समजला, अशा भ्रमात मी पंचेचाळीस वर्षांचा झालो.

आईला जानेवारीत पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार होती. धाकटा भाऊ दुबईला एका हॉटेलच्या कोठारखात्यात नोकरीला आहे. त्याचा फोन आला, “दादा, आईसाठी कॅव्हिअर आणतो.”

मी म्हणालो, “अरे, आई मासे खात नाही.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, “दादा, आई वेंगुर्ल्याची आहे.”

यावर मला काही बोलता आले नाही. वडील सरकारी नोकरीत होते. वेंगुर्ल्याला बदली झाली असताना सोबतच्या एका कारकुनाच्या बहिणीशी त्यांचे लग्न ठरले, आणि १९७२ साली, म्हणजे मराठवाड्यातल्या त्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी, आई समुद्रकाठ सोडून लातूरला आली. लातूर तेव्हा जिल्हाही नव्हता. उस्मानाबाद जिल्ह्यातला तो एक तालुका होता. जिल्हा झाला १९८२ साली. घरात माळकरी सासू, दारात तुळस, पंढरीची वारी. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी कोणत्या रस्त्यावर सुकट आणि बोंबील मिळतात हे आईला चांगले ठाऊक असले पाहिजे. पण ती पुडी आमच्या घरात कधी आली नाही. मे महिन्यात मामाकडे गेलो की ती आजोळच्या स्वयंपाकघरात बायकांबरोबर शेवटच्या पंगतीला बसे. तिच्या ताटात काय असे, हे पाहण्याची आम्हा मुलांना कधी गरज वाटली नाही.

तिला विचारायचे काम सौभाग्यवतीने पत्करले. आई म्हणाली, “तुमच्या आजेसासूबाईंना मी शब्द दिला होता, या घरात मासळी आणणार नाही म्हणून. खाणार नाही असं काही म्हटलं नव्हतं.” आजी जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली. वडील २०१९ साली गेले. शब्द मात्र अजून चालू होता. मग तीच पुढे म्हणाली, “अंगणात मांडा. अंगण म्हणजे काही घर नव्हे.” आमच्या घरात वकील कोणी झाला नाही, याचे मला त्या दिवशी नवल वाटले.

तारीख ठरली. रविवार होता, एकादशी नव्हती, चतुर्थी नव्हती. आता वस्तूची माहिती करून घेणे आले.

स्टर्जन हा फार पुरातन वंशाचा मासा. अंगावर नेहमीच्या खवल्यांऐवजी हाडांच्या ढालींच्या रांगा असतात. खवल्यांच्या या प्रश्नावरून तो धर्माला चालतो की नाही असा वाद इराणात बराच काळ होता. क्रांतीनंतर, १९८३ साली, तो खाण्यास योग्य असल्याचा निर्णय तिथल्या धर्मगुरूंनी दिला. कॅस्पियन समुद्र आणि त्याला मिळणाऱ्या नद्या हे त्याचे जुने माहेर. बेलुगा, ओसेत्रा, सेव्रुगा ही त्यातली नामांकित घराणी. बेलुगाच्या मादीला अंडी धरण्याच्या वयात यायला पंधरा-वीस वर्षेही लागतात, आणि जुन्या पद्धतीत अंड्यांसाठी तिला मारीतच असत. तेव्हा मासा कमी होत गेला यात आश्चर्य नाही. १९९८ पासून स्टर्जनच्या सर्व जातींचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रित झाला आहे. आज बाजारात येणारे बहुतेक कॅव्हिअर तळ्यांत आणि टाक्यांत पाळलेल्या माशांचे असते, आणि ते पिकवण्यात चीन आघाडीवर आहे.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण भावाने डबी आणली तेव्हा ‘कॅस्पियनची’ म्हणून मोठ्या ऐटीत दाखवली होती. डबीवर एक सांकेतिक ओळ छापलेली असते. माशाची जात, तो पाळीव की रानटी, देश, साल, सगळे त्या ओळीत असते. आमच्या डबीवर पाळीवाचा ‘सी’ होता आणि देशाच्या जागी ‘सीएन’, म्हणजे चीन. भावाचे तोंड उतरले. मी त्याला म्हटले, मासा जंगलातून चोरून मारलेला नाही हे तर उत्तमच झाले. वाचकांपैकी कोणी परदेशातून अशी डबी आणणार असेल तर ती ओळ अवश्य पाहावी. स्वतःपुरते १२५ ग्रॅमपर्यंत नेण्याची सवलत त्या करारात आहे, पण तीही ही चिठ्ठी डबीवर असेल तरच. आपले सीमाशुल्क खाते काय म्हणते ते आधी विचारून घेतलेले बरे.

आमची डबी ५० ग्रॅमची होती. किंमत भावाने शेवटपर्यंत सांगितली नाही. तीस ग्रॅमलाही काही हजार रुपये पडतात एवढे मला अन्यत्र कळले. कृती मात्र ऐकायला साधी आहे. अंड्यांची थैली चाळणीवर हलक्या हाताने चोळायची, म्हणजे दाणे पडद्यापासून सुटतात. ते थंड पाण्यात धुवायचे, निथळायचे आणि मीठ लावायचे. मीठ शेकडा तीन ते पाच इतकेच. रशियन लोक त्याला ‘मालोसोल’ म्हणतात. अर्थ एवढाच, की कमी मिठाचे. आपल्या लोणच्याच्या मिठापुढे ते काहीच नाही, आणि म्हणूनच हा माल नाजूक. शून्याच्या आसपासची थंडी त्याला मानवते. पण बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर दाण्यांची साल फुटते आणि त्याचा चिखल होतो.

दुबईहून हैदराबाद, हैदराबादहून नांदेड, आणि नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर! विमानापर्यंत भावाच्या गारगोळ्यांनी काम केले. नांदेडपासून पुढे डबी माझ्या थर्मासात, भोवती बर्फ, आणि थर्मास मांडीवर. एस.टी.त शेजारच्या गृहस्थांनी विचारले, “लस आहे का?” मी मान डोलावली. अहमदपूरला बर्फ बराच वितळलेला दिसला, तेव्हा स्थानकासमोरच्या रसवंतीवाल्याकडून पाच रुपयांचा चुरा घेतला. २०१६ साली ज्या गावाने मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले, त्या गावाला मी बर्फ घालून माशाची अंडी नेत होतो. हा विचार मनात आला आणि मी तो थर्मासाच्या झाकणाबरोबर घट्ट बंद केला.

आता वाढण्याविषयी. डबी आयत्या वेळी उघडावी आणि बर्फाच्या चुऱ्यात बसवावी. एकदा उघडली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावी. शिजवू नये, ढवळू नये, वर लिंबू-कांद्याचा मारा करू नये. सोबत रशियात ब्लिनी नावाची छोटी धिरडी असतात, मूळची कुट्टूच्या पिठाची. आपल्याकडे ज्वारी असताना कुट्टू कशाला? सौभाग्यवतीने ज्वारीच्या पिठाची रुपयाएवढी धिरडी घातली, जिरे-मिरची वर्ज्य करून. त्यांवर आंबट सायीऐवजी ताज्या दह्याचा चक्का, साखर न घालता. हा मेळ इतका जमला, की कॅव्हिअर नसतानाही आता आमच्याकडे ती धिरडी होतात.

चमच्यापाशी मात्र घोटाळा झाला. अमृतमहोत्सव म्हणून धाकट्या जावेने चांदीच्या वाट्या-चमचे घासून चकचकीत करून ठेवले होते, आणि कॅव्हिअरला नेमकी चांदीच चालत नाही. चांदी काळी पडते आणि अंड्यांना धातूची चव लागते. युरोपात मोत्याच्या शिंपल्याचे चमचे वापरतात. शिंग किंवा लाकूडही चालते. मी आइस्क्रीमचे लाकडी चमचे आणायला निघालो, तेव्हा आई म्हणाली, “थांब.” आणि कपाटातून एक पुरचुंडी घेऊन आली. तीत दोन शिंपले होते, गुळगुळीत झालेले. आम्हा दोघा भावांना तान्हेपणी दूध पाजायला तिने ते माहेराहून आणले होते. गरम पाण्याने धुऊन तेच वापरले.

आम्ही नऊजण कडुनिंबाखाली बसलो. शेजारच्या मावशी डोकावून म्हणाल्या, “हे तर भिजवलेल्या सब्ज्यावाणी दिसायलंय की!” तुलना शेक्सपिअरपेक्षा अचूक होती. मावशींनी चव घेण्यास नम्र नकार दिला आणि धिरडी मात्र चार खाल्ली.

जाणकार लोक पहिला घास हाताच्या पाठीवर, अंगठ्याजवळ घेतात, कारण कातडीची चव लागत नाही. भावाने ते करून दाखवले. तीर्थ तळहातावर घेण्याची सवय असलेल्या आम्हाला ते उलटेच वाटले. दाणे चावायचे नाहीत, जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबायचे. ते फुटतात आणि लोण्यासारखा, किंचित खारट रस सुटतो. मला आवडले की नाही? खरे सांगतो, पहिल्या घासाला मी पैशांचा विचार करीत होतो. दुसऱ्या घासाला आवडले.

आईने शिंपल्यातून थोडेसे घेतले. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होतो. आईला रक्तदाबाचा त्रास असल्याने मिठाची काळजी वाटत होती, म्हणून डॉक्टरांना आधीच विचारून ठेवले होते. तिने डोळे मिटले नाहीत की काही नाही. म्हणाली, “कच्चीच खातत काय रे?” पन्नास वर्षे लातूरचे बोलणे बोलणाऱ्या तिच्या तोंडून मालवणी निघाले, आणि ते तिच्या ध्यानातही आले नाही. मग म्हणाली, “गाबोळीच ही. पण हिका तिरफळ होया.”

गाबोळी हा शब्द मी वर्गात शिकवलेला आहे. गर्भ, गाभ, गाभण, गाभोळी, अशी ओळच्या ओळ फळ्यावर लिहिलेली आहे. ती वाफवून, काप करून, हळद-तिखट लावून तांदळाच्या पिठात घोळून तळतात. घोळ माशाची वेगळी, सुरमईची वेगळी, आणि पाल्याची सर्वांत वरची, हे मला त्या दिवशी आईने सांगितले. संध्याकाळभर ती सांगत होती. श्रावणात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या कशा ओढून ठेवीत, पहिला मासा घरी आला की कोणाला आधी वाढीत, आजोबा काय म्हणत. हे कधी बोलली नाहीस, असे मी म्हणणार होतो. पण आपण कधी विचारले होते, हे लक्षात येऊन गप्प बसलो. डबी तळापर्यंत रिकामी झाली. शेवटचे दाणे तिने बोटाने पुसून घेतले.

दुबईची डबी दर वर्षी काही येणार नाही, आणि यावीच असे नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी सामन माशाची लाल अंडी पाहावीत. ती मोठ्या दाण्याची आणि बरीच स्वस्त असतात. काळा रंग दिलेली लंपफिशची अंडीही बाटलीत मिळतात, पण ती कॅव्हिअर म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नयेत.

आम्ही दुसरा मार्ग धरला. नांदेडच्या बाजारात गोदावरीकडची मासळी येते. रोहू, कटला, मरळ. मे महिन्याच्या अखेरीस रोहूच्या पोटात अंडी भरतात. माशाची अंडी खाणे म्हणजे पुढची पिढी खाणे, ही टोचणी मला आहेच. कोकणात जून-जुलैत यांत्रिक होड्यांना समुद्रबंदी असते ती याच कारणाने. वर्षातून एकदा, एवढी तडजोड मी मनाशी केली. अर्धा किलो गाबोळी, तोच थर्मास, तोच रस्ता. तिरफळ वेंगुर्ल्याहून मामेबहिणीने टपालाने धाडले होते.

आईने अंगणात स्टोव्ह मांडला. २०२५ साली मे महिन्यातच पावसाने धुमाकूळ घातला, हे सर्वांना आठवत असेल. तवा तापला, पहिले चार काप पडले, आणि थेंब सुरू झाले. मी छत्री आणायला आत धावलो. परत येतो तो आई पदराने कढत तवा धरून उंबऱ्याशी उभी. “बघतोस काय? स्टोव्ह उचल,” ती म्हणाली, आणि तवा घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी मागून स्टोव्ह नेला. उरलेले काप तिने आतच तळले, आणि खिडकी उघडायला मला सांगितले.