उद्याचे रान कोठे असेल?

कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मग्राम म्हणून आपणांस ठाऊक असेलच. त्याच्या शेजारच्या डोंगरावर सागरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर, आणि तेही मुळातले रान नव्हे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड माळावर झाडे लाविली गेली, सांबर, चितळ, काळवीट बाहेरून आणून सोडले गेले, आणि १९८५ साली ते अभयारण्य झाले. येथे बारमाही झरा नाही. पाणवठ्यांची तजवीज माणसालाच करावी लागते.

हवामान तापत चालले असता कोणता प्राणी उद्या कोठे जगेल, हे वर्तविण्याची एक रीत शास्त्रज्ञांनी बसविली आहे. एखादी जात आज जेथे जेथे आढळते त्या जागा नोंदावयाच्या. तेथील ऊन, पाऊस, कोरडे महिने मोजावयाचे. त्यावरून तिला काय मानवते ते ठरवावयाचे. आणि पुढील काळाच्या अंदाजित हवामानात तशी जागा कोठे उरते ते नकाशावर शोधावयाचे. भात कोठे आणि शाळू कोठे, हे आपला शेतकरी याच न्यायाने ठरवीत आला आहे.

परंतु सागरेश्वरचे सांबर या गणितात जसेच्या तसे धरले, तर गणित फसेल. ते तेथे हवामानाने नव्हे, माणसाने ठेविले आहे. उलट, काळविटाला उघडा, कोरडा माळ मानवतो. तेव्हा नकाशा त्याच्यासाठी भोवतालचा पुष्कळ मुलूख खुला दाखवील. प्रत्यक्षात ताकारी आणि टेंभू योजनांनी कृष्णेचे पाणी वर चढविले आणि कित्येक माळांवर ऊस उभा राहिला. (शेतकऱ्याला त्याबद्दल दोष कोण देणार?) म्हणून हवामानाच्या नकाशावर पिकांचा नकाशाही ठेवून पाहावा लागतो.

साताऱ्याजवळील कासच्या सड्यावरील वायतुऱ्याची अडचण निराळी. उंची साधारण हजार मीटर वाढली की हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते; म्हणजे एक अंश तापमान वाढले, तर पूर्वीच्या गारव्यासाठी सुमारे दीडशे मीटर वर चढावे लागेल. कास सुमारे १२०० मीटरांवर आहे, आणि सड्याच्या वर चढावयाला डोंगरच नाही! मग त्याचे कंद दुसरीकडे नेऊन लावावेत काय? याबाबत शास्त्रज्ञांत एकमत नाही. बागेच्या शोभेसाठी अमेरिकेतून आणलेल्या घाणेरीने आपली किती राने व्यापली, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आहे.