शिंगाच्या बुडाशी

‘तुला काय शिंगं फुटलीत?’ असं आपण विचारतो ते उत्तर ‘नाही’ येणार हे धरूनच. पण माणसाला शिंग फुटतं. क्वचित फुटतं, बहुतेकदा साठी उलटल्यावर आणि वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या जागी: कपाळावर, नाकावर, कानाच्या पाळीवर, हाताच्या पाठीवर. बैलाच्या शिंगात हाडाचा गाभा असतो, माणसाच्या शिंगात तो नसतो. नखं ज्याची बनतात ते केराटिनच इथे थरावर थर साचत जातं. एरवी कातडीच्या मेलेल्या पेशी गळून पडतात, इथे त्या एकमेकींना धरून राहतात. डॉक्टर याला ‘क्युटेनियस हॉर्न’ म्हणतात, मराठीत त्वचाशृंग म्हणता येईल. मात्र हे नाव आकाराचं आहे, रोगाचं नाही. रोग असतो तो बुडाशी, आणि तिथे नजर जायला माणसाला फार काळ लागला.

इंग्लंडमध्ये 1588 साली एक पुस्तिका छापली गेली. वेल्समधल्या मार्गारेट ग्रिफिथ या साठीच्या बाईच्या कपाळावर चार इंची वाकडं शिंग उगवलं होतं आणि तिला लंडनमध्ये लोकांना दाखवलं जात होतं. पुस्तिकेच्या लांबलचक शीर्षकातच शिंगाची लांबी आहे, बाईचं वय आहे आणि ही देवाची अद्भुत करणी असल्याची ग्वाहीही आहे. ते दुखत होतं का, हे शीर्षकाला विचारावंसं वाटलेलं नाही. पुढची दोनशे वर्षं थोड्याफार फरकाने हाच प्रकार चालला. शिंगवाला माणूस म्हणजे जत्रेतला तंबू.

पहिला कामाचा प्रश्न 1791 मध्ये एव्हरार्ड होम या लंडनच्या शल्यवैद्याने विचारला. प्रसिद्ध शल्यवैद्य जॉन हंटर हा त्याचा मेहुणा. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात होमने काही शिंगवाल्या बायकांची हकीगत लिहिली. त्यांतली एक लिंकनशरमधल्या हॉर्नकॅसलची होती. गावाच्या नावातच शिंग, पण होमने असल्या योगायोगात वेळ घालवला नाही. त्याने पाहिलं की आधी डोक्यावर हलणारी गाठ येते, मग ती फुटते आणि तिथून शिंग वर येतं. आपल्याकडे अशा गाठीला आवाळू म्हणतात. म्हणजे शिंग आवाळवाच्या पोटचं निघालं. सगळ्याच शिंगांना हे लागू पडत नाही, हे आज माहीत आहे. पण दैवी कोप, पाप, जनावराशी संग या साऱ्या गोष्टी त्या एका निरीक्षणापुढे फिक्या पडतात.

तरी लांबीचा मोह सुटला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये मादाम दिमांश नावाची वृद्धा होती. तिच्या कपाळावर वयाच्या शहात्तराव्या वर्षी शिंग उगवू लागलं आणि सहा वर्षांत सुमारे 25 सेंटिमीटर झालं. जोसेफ सुबरबिएल या शल्यवैद्याने ते काढलं. तिच्या मस्तकाची मेणाची प्रतिकृती फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे. ती पाहताना डोळे शिंगाच्या टोकापर्यंत जातात आणि तिथेच अडकतात.

आपल्याकडची नजर, निदान ग्रंथात तरी, वेगळी होती. सुश्रुतसंहितेत चर्मकील येतो: कातडीवर उगवणारा, खिळ्यासारखा टणक अंकुर. आपला ‘चामखीळ’ हा शब्द त्यातूनच आला. सुश्रुताचा उपाय असा: शस्त्राने उपटून काढा आणि उरलेलं क्षाराने किंवा अग्नीने जाळा, काहीही शिल्लक ठेवू नका. चर्मकील म्हणजेच आजचं त्वचाशृंग, असं मी म्हणणार नाही. त्या शब्दात बरंच काही सामावत असावं. पण शेवटच्या सूचनेत मुळाची जाणीव आहे. ती पुढे घराघरांत पोहोचली नाही. तिथे पोहोचला तो घोड्याच्या शेपटीचा केस. चामखिळीला आवळून बांधायचा, ती वाळून पडली की झालं. खाली काय आहे, हा प्रश्नच नाही.

तो प्रश्न सशांनी सोडवला, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. अमेरिकेत शिंगवाल्या सशांच्या दंतकथा होत्या. रिचर्ड शोप यांनी 1933 मध्ये अशा रानसशांच्या शिंगांचा अर्क सूक्ष्म गाळणीतून गाळला आणि निरोगी सशांच्या खरवडलेल्या कातडीवर चोळला. तिथेही शिंगं उगवली. कारण होतं विषाणू. दोन वर्षांनी पेटन राउस आणि जोसेफ बियर्ड यांनी दाखवलं की पाळीव सशांत याच वाढींचा पुढे कर्करोग होतो. माणसाची बहुतेक शिंगं या विषाणूची नसतात. पण वर निरुपद्रवी टोक आणि खाली कर्करोग असं असू शकतं, हे सशांत उघड्या डोळ्यांनी दिसलं.

माणसातला हिशोब 1991 मध्ये एका ब्रिटिश अभ्यासात आला. सूक्ष्मदर्शकाखाली 643 शिंगं तपासली, त्यांतली 39 टक्के कर्करोगाच्या किंवा कर्करोगपूर्व वाढीवर उभी होती. उरलेली चामखीळ, जुनाट मस किंवा तत्सम साध्या गोष्टींवर.

म्हणून आज त्वचारोगतज्ज्ञ शिंग पाहून आधी बुडाशी बोट लावतो. बूड रुंद आहे का, कडक लागतं का, भोवती लाली आहे का, दाबल्यावर दुखतं का? शिंग बुटकं आणि बूड ऐसपैस असेल तर शंका जास्त. लांबच लांब शिंगाची भीती वाटते, पण बुटकं अधिक वाईट निघू शकतं. मग जागा बधिर करून ते बुडासकट, थोड्या निरोगी कातडीसह काढतात आणि तपासणीला पाठवतात. नुसतं वरचं टोक पाठवलं तर प्रयोगशाळेच्या हाती फक्त केराटिन लागतं, निदान काहीच नाही. साधं निघालं तर तिथेच संपतं. कर्करोग निघाला तर कडा पुन्हा, अधिक खोल कापाव्या लागतात आणि जवळच्या लसिका गाठी चाचपाव्या लागतात.

2019 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं शिंग बातम्यांत झळकलं. डोक्याला मार बसल्यावर काही वर्षांनी ते उगवू लागलं होतं. न्हाव्याकडून तो ते कापून घेई, ते पुन्हा वाढे. शेवटी शल्यवैद्यांनी ते बुडासकट काढलं. फोटो जगभर फिरला आणि मथळ्यांत आकडा होता तो लांबीचा. चार इंच. मार्गारेटच्या शिंगाएवढाच.