४० व्हिडिओ पाहिले, आता मशीन घेऊ का?



मागच्या हंगामात अकोट तालुक्यातल्या एका ताईंचा फोन आला. "सर, दोन महिन्यांत चाळीस तरी व्हिडिओ पाह्यले. मिनी दाल मिलचं सारं समजलं मले. पाटल्या मोडतो अन् मशीन घेतो. घेऊ काय?"

मी विचारलं, "ताई, एक किलो तरी तुरीची डाळ हातानं करून पाहिली का?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "माह्या सासूबाईले येते. मी नाई केली कधी."

बघा, चाळीस अनोळखी माणसांकडून शिकून झालं होतं. पण घरातच बसलेल्या शिकवणाऱ्या बाईला कोणी विचारलंच नव्हतं! हसू नका, आपल्यापैकी बहुतेकांचं असंच चाललंय. म्हणून आज याच विषयावर बोलू: इंटरनेटवरून धंदा शिकायचा तो कुठपर्यंत, आणि त्याच्यापुढे काय करायचं.

नेटचे उपकार आधी मान्य करू

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख देशाचे कृषिमंत्री होते. शेतकऱ्याला जगातलं नवं तंत्र डोळ्यांनी पाहता यावं म्हणून त्यांनी १९५९-६० साली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवण्यात पुढाकार घेतला. म्हणजे नवीन यंत्र पाहायचं तर दिल्ली गाठायची! त्यांच्याच नावाचं कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये अकोल्यात आलं आणि ती वाट बरीच जवळ झाली. आज तर दर्यापूरच्या पोराला बांधावर बसून, मोबाईलवर, मराठीत सगळं दिसतं. ही लहान गोष्ट नाही.

पण दुसरी बाजू लक्षात घ्या. जो व्हिडिओ तुम्ही पाहिला, तोच लातूरच्या माणसानं पाहिला, इंदूरच्याही पाहिला. जी माहिती सगळ्यांकडे आहे, तिच्या जोरावर तुम्ही बाजारात पुढे कसे जाणार? माहिती म्हणजे आता फक्त धंद्याच्या दारापर्यंत जायचं तिकीट. आत गेल्यावर हाताला काय येतं, त्यावर पैसा मिळतो.

तूर मोबाईलमध्ये वाळत नाही

डाळीचंच उदाहरण घेऊ, कारण अकोला म्हणजे दाल मिलचं गाव.

तुरीचं टरफल आणि आतली डाळ यांच्यामध्ये एक चिकट थर असतो. त्यामुळे हरभरा, मसूर यांच्यापेक्षा तुरीचं टरफल चिवट. म्हणून गिरणीत आधी दाण्याला ओरखडे पाडतात, तेल लावतात, मुरू देतात, उन्हात वाळवतात, पाण्याचा हात देतात, परत वाळवतात आणि मग फोडतात. अकोल्याच्या विद्यापीठानं लहान उद्योजकासाठी 'पीकेव्ही मिनी दाल मिल' तयार केली, तिलाही ही तयारी चुकत नाही.

व्हिडिओत सांगतात, "दोन दिवस ऊन द्या." कुठलं ऊन? जानेवारीतलं की एप्रिलमधलं? ढगाळ दिवसाचं काय? पत्र्यावर वाळवायचं की सिमेंटच्या खळ्यावर? दाणा ओला राहिला तर टरफल सुटत नाही, जास्त कडक झाला तर तुकडे पडतात. चुरी डाळीच्या भावानं विकली जात नाही. म्हणजे तुमचा नफा त्या वाळवणीतच वाढतो किंवा बुडतो, आणि नेमकी तीच गोष्ट पडद्यावर दिसत नाही.

म्हणून त्या ताईंना म्हटलं, मशीन राहू द्या. पाच किलो तूर घ्या, सासूबाईंना सोबत घ्या आणि एक वही घ्या.

तारीख बघा, पत्ता बघा

आता माझी फजिती सांगतो. २०२१ मध्ये मेव्हण्याच्या दुकानासाठी उद्यम नोंदणी करायची होती. मी गूगल केलं, सगळ्यात वर आलेली वेबसाइट उघडली, फॉर्म भरला, दोन हजाराच्या आसपास रुपये भरले. नंतर कळलं की ती सरकारी वेबसाइट नव्हतीच, एक खासगी एजंट होता. सरकारी पोर्टलवर ही नोंदणी फुकट आहे, एक रुपया फी नाही! आधार आणि पॅन असला की घरबसल्या होते. आणि मी कोण? धंदा शिकवणारा माणूस! त्या दिवसापासून पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' दिसल्याशिवाय मी सरकारी कामाचा फॉर्म भरत नाही. तुम्हीही भरू नका.

दुसरं, तारीख. आजही 'उद्योग आधार कसा काढायचा' असे जुने व्हिडिओ यूट्यूबवर सापडतात. उद्योग आधारच्या जागी १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी आली. सूक्ष्म उद्योगाची मर्यादा तेव्हा गुंतवणूक १ कोटी आणि उलाढाल ५ कोटी अशी होती. १ एप्रिल २०२५ पासून ती अडीच कोटी आणि १० कोटी झाली. ज्यानं २०२१ मध्ये व्हिडिओ केला तो खोटं बोलत नव्हता, त्याची माहिती जुनी झाली. माझेही जुने व्हिडिओ याला अपवाद नाहीत.

सरकारी योजनांचंही तेच. टक्के बदलतात, मुदत संपते, मुदत वाढते. म्हणून व्हिडिओवरून फक्त योजनेचं नाव घ्या. आकडे मूळ सरकारी पोर्टलवर किंवा जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन तपासा.

नेट आलं म्हणजे काम झालं असं नाही

मेळघाटातलं हरिसाल आठवतं? धारणी तालुक्यातलं हे गाव २०१६ मध्ये 'डिजिटल गाव' म्हणून निवडलं गेलं. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांचा तो प्रकल्प होता. पुढे २०१९ च्या निवडणुकीत तिथं खरंच काय चालू आहे यावर राज्यभर वाद झाला. आपल्याला राजकारणात जायचं नाही. आपल्यासाठी धडा एवढाच, की गावात नेट पोचणं ही एक पायरी, आणि त्यातून लोकांचं रोजचं काम होणं ही वेगळी पायरी.

तुमच्या मोबाईलचंही तसंच आहे. सेव्ह केलेले दोनशे व्हिडिओ म्हणजे शिक्षण नाही. एक व्हिडिओ पाहून वहीत पाच ओळी लिहिल्या आणि त्यातली एक गोष्ट करून पाहिली, तर ते शिक्षण. रेंज गेली तरी वही उघडता येते.

नक्कल करून दुकान चालत नाही

नेटमुळे एक मोठं नुकसानही होतं. सगळे एकच पाहतात, म्हणून सगळे एकच करतात. एका गल्लीत एकीनं केक सुरू केला की सहा महिन्यांत चार जणी केक करतात. मग भाव पाडण्याची स्पर्धा लागते आणि चौघींचाही धंदा बसतो.

आता उलट उदाहरण बघा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे 'आपली आजी'. सत्तरीच्या आसपास वय. २०२० मध्ये नातवानं मोबाईल धरला आणि आजींनी रोजचा स्वयंपाक करून दाखवला. बोलणंही घरातलंच. त्यांनी कोणाची नक्कल केली नाही, म्हणून त्या लक्षात राहिल्या. तंत्र नातवाचं, पण माल आजींचा!

आपल्या वऱ्हाडात असा माल कमी आहे का? सरगुंडे, ज्वारीचे धापोडे, मुगवड्या, रोडगे. अमरावतीचा गिला वडा. शेगावच्या कचोरीनं तर गावाचं नाव लांबलांब पोचवलं, तेही नेट येण्याच्या कितीतरी आधी. पॅकिंग, लेबल, फोटो, हिशोब हे सगळं नेटवरून शिका, बिनधास्त शिका. पण पाकिटात काय भरायचं ते आपल्या घरात, आपल्या गावात शोधा.

या आठवड्याचं काम

१. तुमच्या धंद्यावरचे फक्त तीन व्हिडिओ निवडा. प्रत्येकाची तारीख वहीत लिहा.

२. त्यातला प्रत्येक सरकारी आकडा मूळ पोर्टलवर तपासा. जुळला नाही तर खोडा.

३. गावात ते काम हातानं करणारं एक माणूस शोधा आणि अर्धा दिवस त्याच्याजवळ बसा. सल्ला मागू नका, हात बघा.

४. कमीत कमी मालावर स्वतः करून पाहा. आधीचं वजन, नंतरचं वजन, लागलेला वेळ, वाया गेलेला माल, सगळं लिहा.

५. झालेला माल पाच घरी पैसे घेऊन विका. फुकट दिला तर सगळे "छान आहे" म्हणतात. पैसे मागितले की खरं मत कळतं.

हे पाचही झाल्यावर मशीनच्या व्हिडिओकडे परत या. तेव्हा तुम्हाला वेगळेच प्रश्न पडतील, आणि ते कामाचे असतील.

आणि त्या ताई?

पहिल्या खेपेला त्यांची डाळ बिघडली, टरफल निम्म्या दाण्यांना तसंच. दुसऱ्या खेपेला सासूबाईंनी एक दाणा दाताखाली फोडला आणि म्हणाल्या, "आता झालं वाळून." तिसऱ्या खेपेला वहीत हिशोब लागला: डाळ किती, चुरी किती, टरफल किती. त्या हिशोबातून कळलं की दुकानदाराला सुटी डाळ दिली तर हातात फार काही उरत नाही. एक-एक किलोची पाकिटं थेट घरोघरी दिली तर उरतं.

मग त्यांनी ठरवलं, यंदा दुसऱ्याच्या मिलवर मजुरी देऊन डाळ करून घ्यायची आणि आधी गिऱ्हाईक जमवायचं. मशीनचं पुढच्या हंगामात पाहू.

परवा परत फोन आला. "सर, चव सासूबाईच पाह्यतात, फोटो पोरगी काढते, अन् हिशोब मी लिहितो."

पाटल्या अजून हातातच आहेत.

चला, वही काढा. भेटू पुढच्या व्हिडिओत!