गोधडीची कात्री

सुगी सरते. उन्हाळा लागतो. शेतातले काम जरा कमी होते. मग घरोघरी जुनी लुगडी, धोतरे बाहेर निघतात आणि बाया गोधडी शिवायला बसतात.

असेच एकदा आम्ही एका घरी बसलो होतो. सून वैतागून म्हणाली, "आत्याबाई, ही कात्री कापतच नाही. नुसती चघळते बघा!"

सासूबाई हसल्या. "कात्रीला बोल लावू नको. तिच्याकडून आपण काय काय कापून घेतलं, ते आठव."

आठवू लागल्या, तर काय! पोत्याची सुतळी त्याच कात्रीने कापली. पोराच्या वहीचा पुठ्ठाही तिनेच कापला. एकदा तर तारसुद्धा कापली होती. मग धार राहील कशी?

कापडाची कात्री फक्त कापडालाच वापरावी. कागद मऊ दिसतो, पण तो गुळगुळीत व्हावा म्हणून त्यात खडूसारखी पांढरी भुकटी घालतात. ती भुकटी धार खाते. मातीचे बारीक कणही तेच करतात. म्हणून जुने कपडे आधी धुवावेत, वाळवावेत, झटकावेत. बटणे, हूक काढून टाकावेत. पाते एकदा हुकावर बसले की धारेला खाच पडते. मग प्रत्येक वेळी कापड तिथेच अडते.

सारवलेल्या जमिनीवर कापड कापू नये. खालचे पाते मातीवर घासते. खाली पाट किंवा फळी घ्यावी, वर स्वच्छ फडके अंथरावे.

काम झाले की कात्री कोरड्या फडक्याने पुसावी. हाताच्या घामात मीठ असते. घाम आणि दमट हवा यांमुळे पोलाद गंजते. गंजाचा डाग कापडावर पडला, तर तो सहज निघत नाही. महिन्यातून एकदा मधल्या स्क्रूवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. कात्री चार-पाच वेळा उघडावी, मिटावी. वर आलेले तेल पुसावे. आधी एक चिंधी कापून पाहावी, म्हणजे चांगल्या कापडाला तेल लागत नाही. खायचे तेल घालू नये. ते पुढे चिकट होते, आणि त्यात धूळ बसते.

कापड दोन पात्यांच्या मध्ये दुमडते काय? मग लगेच धार लावायला धावू नका. आधी स्क्रू सैल झाला आहे का ते पाहा. धार लावायची तर पात्याच्या बाहेरच्या उतरत्या कडेलाच लावतात. आतली सपाट बाजू घासली, तर दोन पाती एकमेकांना नीट भिडत नाहीत. धारवाल्याला हे आधीच सांगावे.

उत्तर प्रदेशात मेरठ शहर आहे. तिथल्या कात्र्या नावाजलेल्या. मोटारींच्या, रेल्वेच्या जुन्या पोलादातून तिथले कारागीर पाती घडवतात. २०१३ साली या कात्रीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. आजोबाने घ्यावी आणि नातवाने वापरावी, अशी तिची ख्याती. जुन्या लुगड्यांची गोधडी आणि जुन्या पोलादाची कात्री. जोडी कशी जमली पाहा! पण नातवापर्यंत कात्री टिकवायची, तर आजोबानेही तिला जपले पाहिजे.

आता सुईचे पाहू. सुया झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवाव्यात. बसताना मोजून घ्याव्यात, उठताना मोजून ठेवाव्यात. सुई मोडली, तर दोन्ही तुकडे सापडेपर्यंत उठू नये. त्या गोधडीवर उद्या तान्हे लेकरू निजणार आहे! तुकडा दिसत नसेल, तर गोधडीवरून लोहचुंबक फिरवावे.

सुई हातात खोल गेली, तर जखम साबण-पाण्याने धुवावी. दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. लोक म्हणतात, गंजामुळे धनुर्वात होतो. तसे नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. म्हणून चकचकीत सुईने टोचले, तरी हयगय करू नये.

रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होते, असे आपल्याकडे म्हणतात. भांडणाचे आम्हांला ठाऊक नाही. पण लेकराच्या हाती कात्री गेली, तर बोट मात्र कापते. म्हणून कात्री मिटून, फडक्यात गुंडाळून, उंच फळीवर ठेवावी.

त्या सूनबाईंनी काय केले? सुतळीसाठी घरातली मोडकी कात्री वेगळी काढली. चांगल्या कात्रीला धार लावून घेतली. मूठीला लाल चिंधी बांधली. लाल चिंधीची कात्री कापडाची, हे आता घरातल्या पोरांनाही ठाऊक झाले आहे.

तुमच्या घरची कात्री आज जरा उजेडात धरून पाहा बरे!