ओंडका 8 इंचांचा, पट्टी 22 इंचांची

उन्हाळा लागला की बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात सरपणाचे दिवस येतात. रानं मोकळी झालेली असतात, ऊसतोडीला गेलेली माणसं गावी परतलेली असतात आणि पावसाळ्याआधी वर्षाचं जळण रचून ठेवायचं असतं. घरोघरी गॅस आला, तरी आंघोळीचं पाणी, लग्नाकार्याचा स्वयंपाक, जनावरांसाठी शिजवायचं खाणं यासाठी चूल पेटतेच. लाकूड मिळतं ते बांधावरच्या आणि ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीचं, क्वचित वाळलेल्या लिंबाचं किंवा गावरान बाभळीचं. पूर्वी हे काम कुऱ्हाडीनं आणि करवतीनं व्हायचं. आता पेट्रोलवर चालणारा चेनसॉ, म्हणजे गावोगावी ज्याला नुसतं ‘कटर’ म्हणतात ते यंत्र, बऱ्याच शेतकऱ्यांना हवंसं वाटतं.

आणि इथंच तो सल्ला कानावर येतो. नगरहून आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या कड्याच्या बाजारपेठेत असो, नाहीतर बांधावरच्या गप्पांत, शब्द ठरलेले असतात: “घ्यायचंच तर मोठं घ्या. 58 सीसीचं, 22 इंची पट्टीचं. लहान मशीन बाभळीला टिकत नाही.” ऐकणारा मान डोलावतो, चार पैसे जास्त घालतो आणि पहिल्या उन्हाळ्यातच खांदे धरून बसतो. हा गैरसमज इतका घट्ट बसला आहे की तो मुळापासूनच उपटायला हवा.

आधी एक टेप घेऊन सरपणाच्या ढिगाजवळ जावं. वेड्या बाभळीच्या बहुतेक फांद्या मनगटापासून मांडीएवढ्या जाडीच्या असतात. म्हणजे 3 ते 8 इंच. चुलीला हातभर तुकडा लागतो, बंबाला लागणारं बंबफोड तर वीतभरच. 14 इंची पट्टी, म्हणजे जिच्याभोवती साखळी फिरते ती, 12 इंच जाडीचा ओंडका एका बाजूनं सहज कापते. दोन्ही बाजूंनी कापत गेलं, तर त्याहून बराच जाड बुंधाही तिच्या आवाक्यात येतो. मग 8 इंचांच्या ओंडक्यावर 22 इंची पट्टी ठेवली की काय होतं? 14 इंच पट्टी पलीकडे मोकळी फिरत राहते. ती मातीत घुसते, दगडाला लागते, शेजारच्या फांदीला टोक टेकवते. यातलं एकही काम लाकूड कापण्याचं नाही.

‘मोठ्या मशीननं झटक्यात काम’ हा मुद्दाही तपासून पाहावा. धारदार साखळीचं लहान यंत्र 6 इंची फांदी काही सेकंदांत तोडतं. मोठं यंत्र त्यातले थोडे सेकंद वाचवील. पण सरपणाचा दिवस त्या सेकंदांत जात नाही. तो जातो काटे झोडण्यात, फांदी ओढून मोकळी करण्यात, ओंडका नीट टेकवण्यात, तुकडे गोळा करून रचण्यात. त्या सगळ्या वेळात यंत्र माणसाच्या हातात असतं. श्टील कंपनीच्या एमएस 180 या लहान यंत्राचं वजन पट्टी आणि साखळी सोडून सुमारे 4 किलो आहे. त्याच कंपनीच्या 72.2 सीसीच्या एमएस 382 चं सुमारे 6.2 किलो. त्यात लांब पट्टी, साखळी, पेट्रोल आणि तेल धरलं तर फरक आणखी वाढतो. वाकून, दोन्ही हातांनी, एप्रिलच्या उन्हात चार तास हा फरक पेलायचा असतो.

सीसी म्हणजे ताकद, हे समीकरणही पक्कं नाही. सीसी हे सिलिंडरच्या पोकळीचं माप आहे. इंजिन प्रत्यक्ष किती काम करतं ते किलोवॅटमध्ये मोजतात. श्टीलचीच एमएस 261 आणि एमएस 271 ही दोन्ही यंत्रं 50.2 सीसीची आहेत. कंपनीच्या तपशीलपत्रात पहिल्याची शक्ती 3.0 किलोवॅट आहे, दुसऱ्याची 2.6. पोकळी तंतोतंत सारखी, तरी शक्तीत जवळजवळ सातव्या हिश्श्याचा फरक. डब्यावर फक्त सीसीचा आकडा ठळक छापला असेल आणि किलोवॅटचा कुठेच नसेल, तर ग्राहकानं दुकानदाराला तो विचारायलाच हवा.

खरी गोष्ट यंत्राच्या पुढच्या बाजूला आहे, साखळीत. या अवजाराचा इतिहासच तसं सांगतो. जर्मनीत आंद्रेयास श्टील यांनी 1926 मध्ये विजेवर चालणारा चेनसॉ बनवला. त्याचं वजन 64 किलो होतं आणि तो चालवायला दोन माणसं लागत. 1929 मध्ये पेट्रोलवरचा आला, तोही 46 किलोंचा. पुढं इंजिनं हलकी होत गेली, पण साखळीचे दात बराच काळ जुन्या करवतीसारखेच होते. ते लाकूड खरवडत, लवकर बोथट होत आणि धार लावायला तास घेत.

मोठा बदल घडला तो अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, आणि तो एका अळीमुळे. जोसेफ ब्यूफर्ड कॉक्स नावाचे लाकूडतोडे 1946 मध्ये लाकूड फोडत असताना त्यांना बुंध्यात भुंगेऱ्याची अळी दिसली. ती टणक लाकूड रेषेच्या दिशेनं आणि रेषेला आडवंही तितक्याच सहज पोखरत होती. कॉक्स यांनी तिचे जबडे निरखून पाहिले. ते डावीकडे-उजवीकडे असे आलटून पालटून कापत होते. त्याच धर्तीवर त्यांनी एक दात डावीकडे आणि एक उजवीकडे वळलेली साखळी तयार केली आणि 1947 मध्ये पोर्टलंड शहरातल्या घराच्या तळघरातून तिची विक्री सुरू केली. आज कड्यात विकल्या जाणाऱ्या चेनसॉची साखळीसुद्धा मुळात त्याच घडणीची आहे. पाऊणशे वर्षांपूर्वी काम सोपं झालं ते इंजिन मोठं केल्यानं नव्हे, दाताचा आकार बदलल्यानं. हे कळायला अळीकडे पाहण्याइतकी चिकाटी लागते, सीसी मोजून ते कळत नाही.

दात नीट असेल तर लाकडातून ढलप्या उडतात, नखाएवढ्या, स्वच्छ कडांच्या. बोथट झाला की पीठ पडतं, भुसा. पिठासारखा भुसा पडू लागला की माणूस यंत्र लाकडावर जोरानं दाबतो. साखळी तापते, पट्टीतून धूर येतो, काप वाकडा जातो आणि निष्कर्ष निघतो: “मशीनमध्ये दम नाही, मोठं घ्यायला पाहिजे होतं.” हे ऐकून खरोखर जीव तुटतो. बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार कोयता बोथट झाला म्हणून कधी जड कोयता विकत घेत नाही. तो धार लावतो. फडात उतरण्याआधी लावतो आणि दिवसातून पुन्हा लावतो. ज्या जिल्ह्याला धारेचं इतकं ज्ञान आहे, तिथं चेनसॉच्या दातांकडे मात्र कोणी पाहत नाही.

धार लावायला गोल कानस लागते आणि तिची जाडी साखळीच्या मापानुसार ठरते. लहान यंत्रांवरच्या बुटक्या 3/8 साखळीला साधारण 4 मिलिमीटरची, 0.325 मापाच्या साखळीला 4.8 मिलिमीटरची. माप पट्टीवर कोरलेलं किंवा पुस्तिकेत छापलेलं असतं. बहुतेक साखळ्यांचा कोन 30 अंशांचा. प्रत्येक दाताला आतून बाहेर सारखेच दोन-तीन घाव द्यायचे, आधी एका बाजूचे सगळे दात, मग दुसऱ्या. एका बाजूला कानस जास्त फिरली की काप त्याच्या विरुद्ध बाजूला वळू लागतो, आणि लोक दोष देतात पट्टीला.

अजून एक बारकावा जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. प्रत्येक दाताच्या पुढे एक ठेंगणी खुंटी असते. दातानं एका वेळी किती खोल चावायचं ते ही खुंटी ठरवते. दाताच्या टोकापेक्षा ती साधारण 0.65 मिलिमीटर खाली असावी लागते. कानशीनं दात झिजत जातो, त्याची उंची कमी होते आणि खुंटी आहे तिथंच राहते. मग दात लाकडाला टेकतच नाही. धार उत्तम असूनही साखळी नुसती घासत फिरते. म्हणून चार-पाच वेळा धार लावून झाली की चपट्या कानशीनं खुंटीही थोडी उतरवावी, मापपट्टी लावूनच. अंदाजानं जास्त उतरवली तर दात हावऱ्यासारखा चावतो आणि यंत्र झटके देतं.

“पण बाभळीचं लाकूडच इतकं टणक आहे,” हा पुढचा युक्तिवाद. बाभूळ टणक आहे, यात वाद नाही. म्हणूनच बैलगाडीच्या चाकांना आणि शेतीच्या अवजारांना पिढ्यान्‌पिढ्या तीच वापरली गेली. पण साखळीची धार सर्वांत लवकर जाते ती सालीवर बसलेल्या मातीनं आणि जमिनीला टोक टेकल्यानं. फिरत्या साखळीचा वेग सेकंदाला 20 मीटरच्या आसपास असतो. त्या वेगानं ती क्षणभर जरी मुरमाला लागली, तरी दिवसभराची धार गेली. फांदी दुसऱ्या ओंडक्यावर उचलून ठेवणं, चिखलाची साल कुऱ्हाडीनं आधी सोलणं, हा टणकपणावरचा खरा इलाज आहे.

मोठ्या यंत्राला जागाच नाही असं नव्हे. वादळात पडलेल्या चिंचेचा किंवा वडाचा दोन-अडीच फुटी बुंधा कापायचा असेल, वखारीसाठी रोज लाकूड कापायचं असेल, तर 60-70 सीसीचं यंत्र आणि लांब पट्टी हवीच. लांब पट्टी लाकडात पूर्ण बुडाली की एकाच वेळी जास्त दात चावतात आणि ते ओढायला ताकद लागते. उलट, लहान इंजिनाला हौसेनं 22 इंची पट्टी लावली तर ते लाकडात अडकून बंद पडतं. घरच्या सरपणाला 30 ते 40 सीसी आणि 12 ते 16 इंची पट्टी पुरते. वाचलेल्या पैशांत दुसरी साखळी, दोन कानशी आणि अंगावरचं संरक्षक साहित्य येतं.

त्या साहित्यावर थोडं थांबायला हवं, कारण इथला गैरसमज पाय घालवतो. “सवय असली की काही होत नाही” आणि “जाड जीन्स पुरे” अशी दोन वाक्यं नेहमी ऐकू येतात. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग एखाद्या फांदीला टेकला की यंत्र उसळून चालवणाऱ्याकडे येतं, डोळ्याचं पातं लवायच्या आत. सवय त्या वेगाला पुरत नाही. जीन्स तर क्षणात फाटते. चेनसॉसाठीच्या खास विजारीत लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की ते धागे बाहेर येऊन चाकात गुंततात आणि साखळी थांबते. पुढचा साखळी-ब्रेक चालतो का हे रोज सुरू करताना पाहावं, यंत्र दोन्ही हातांनी धरावं आणि खांद्याच्या वर कधीही नेऊ नये. आवाज 100 डेसिबलच्या वर जातो, त्यामुळे कानांनाही झाकण हवं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

पेट्रोलमध्ये तेल जास्त घातलं की इंजिन जास्त टिकतं: नाही, स्पार्क प्लगवर आणि धुराड्यात काजळी साचते. पुस्तिकेत 50 ला 1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिलिलिटर, 25 ला 1 असेल तर 40. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल ओल ओढून घेतं, म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करावं, हंगामभर डब्यात ठेवू नये.

ट्रॅक्टरचं काढलेलं काळं तेल साखळीला चालतं: त्यात धातूचे कण असतात, ते पट्टी खातात, आणि उडालेलं तेल त्वचेला घातक असतं.

तापलेली साखळी सैल झाली की घट्ट करून यंत्र ठेवून द्यावं: गार झाल्यावर ती आकसते आणि इंजिनाच्या दांड्यावर ताण येतो. काम संपलं की पुन्हा सैल करावी.

ओलं लाकूड जास्त वेळ जळतं म्हणून चांगलं: ते आपल्याच अंगातलं पाणी उकळत बसतं, आणि धूर चुलीपुढच्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो.

आपल्या रानातलं झाड, कधीही तोडावं: 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्यानुसार चिंच, आंबा, मोह, जांभूळ, फणस, साग, हिरडा, चंदन अशा अनुसूचित झाडांना खाजगी जमिनीवरसुद्धा वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

आणि मोठ्या मशीननं जमिनीलगत कापली की वेडी बाभूळ कायमची संपते, हा शेवटचा. अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकात भारतात आलेलं हे झाड बुंध्याच्या मातीखालच्या डोळ्यांतून फुटतं, एका खोडाच्या जागी पाच-सहा फोक येतात. ते संपवायचं असेल तर कुदळीनं खणून मुळाचा वरचा गड्डा काढावा लागतो. सरपणासाठी ठेवायचं असेल, तर जमिनीपासून वीतभर वर कापावं. तिथं साखळीला माती लागत नाही आणि नवे फोक दोन-तीन वर्षांत पुन्हा मनगटाएवढे होतात.